शाळेतली सेफ्टीची नोकरी की चाकणची कंपनी?

समजा एडीआयएस, म्हणजे इंडस्ट्रियल सेफ्टीचा ॲडव्हान्स डिप्लोमा, झालाय, किंवा सिव्हिलचा डिप्लोमा आणि वर फायरचा कोर्स, आणि हातात दोन ऑफर आहेत. एक चाकण नाहीतर रांजणगावच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसरची, आणि दुसरी पुण्यात बावधन, सूस, उंड्री अशा बाजूच्या एखाद्या मोठ्या खासगी शाळेत बिल्डिंग सेफ्टी आणि कम्प्लायन्स बघायची. घरचे सगळे शाळा घे म्हणणार, सुट्ट्या असतात, घाण-धूर नाही वगैरे. कॉलेजचे मित्र म्हणणार वेडा आहेस का, कंपनी घे.

पगार आणि प्रवासाचं आधी उरकतो. पगार सहसा कंपनीतच जास्त. शाळेत स्वतःच्या मुलाच्या फीत सवलत मिळू शकते, आणि पुण्यातल्या मोठ्या शाळांची फी बघता तो आकडा लहान नसतो, पण तोंडी नको, ऑफर लेटरमध्ये किती टक्के आणि किती मुलांना हे लिहून घ्या. प्रवासाचं काय सांगायचं, तळेगाव-चाकण रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको आणि पाहिला नसेल तर एकदा शिफ्ट सुटायच्या वेळेला जाऊन या.

आता खरा फरक. कंपनीत तुमची खुर्ची कायद्याने ठेवलेली आहे. ठराविक संख्येच्या वर कामगार असले की कारखान्याला सेफ्टी ऑफिसर ठेवावाच लागतो, तो कोण, त्याचं क्वालिफिकेशन काय हे डिशचे, म्हणजे सरकारच्या औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालयाचे, साहेब विचारतात. त्यामुळे प्रॉडक्शन मॅनेजर कितीही ओरडला तरी परमिट (धोक्याच्या कामाची लेखी परवानगी) नसताना वेल्डिंग थांबवायला तुमच्या मागे कोणीतरी असतं. शाळेला अशा ऑफिसरची सक्ती नाही. फायरची जबाबदारी आहे, ती २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे मालक किंवा भोगवटादारावर, म्हणजे ट्रस्टवर. तुम्ही ट्रस्टने स्वतःच्या मर्जीने ठेवलेला माणूस. चांगला ट्रस्ट असेल तर कंपनीपेक्षा जास्त ऐकतील, नसेल तर तुम्ही फाइल सांभाळणारे क्लार्क, आणि काही झालं की मात्र 'आमचे सेफ्टीवाले होते ना' म्हणून पहिलं नाव तुमचंच. माझ्या मते निर्णय इथेच होतो, बाकी सगळं याच्या नंतर.

काम म्हणून बघितलं तर शाळेचं काम जास्त अवघड आहे असं मी म्हणेन आणि कंपनीतले लोक हसतील याच्यावर. कंपनीत धोका मोठा पण माणसं मोठी आहेत, ट्रेनिंग देता येतं, हेल्मेट नाही घातलं तर गेटवरून परत पाठवता येतं. शाळेत धोका छोटा छोटा सगळीकडे पसरलेला आणि ज्यांना वाचवायचंय त्यातले निम्मे स्वतःची चप्पल उलटी घालतात. केमिस्ट्री लॅबमधलं ॲसिडचं कपाट, कॅन्टीनची गॅस बँक (एकत्र जोडलेले सिलिंडर), लिफ्ट, जनरेटर, पाण्याच्या टाक्या, मैदानाकडेची झाडं (फांदी तोडायची तरी महापालिकेची परवानगी), खिडक्यांचे ग्रिल, कॉरिडॉरमध्ये टीचरनी हौसेने लावलेलं कागदी प्रदर्शन, आणि आग विझवायच्या पाइपच्या पेटीसमोर, म्हणजे होज बॉक्ससमोर, कुणीतरी आणून ठेवलेला फुटबॉलचा गोलपोस्ट. तो हलवला की पुढच्या आठवड्यात तिथे परत असतो.

सगळ्यात डोकेदुखी म्हणजे दरवाजे. फायरवाला म्हणतो एक्झिट आतून कायम उघडता आलं पाहिजे, सिक्युरिटीवाला म्हणतो कुलूप लावा कारण मूल बाहेर पळालं किंवा बाहेरचा आत आला तर कोण जबाबदार. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला त्यानंतर २०२४ मध्ये सीसीटीव्ही वगैरेचे आदेश आले तेव्हापासून सिक्युरिटीची बाजू आणखी जड झालीय, आणि पालकांना पण कुलूप दिसलं की बरं वाटतं. दोघांचंही बरोबर आहे. यातून पॅनिक बार (आतून ढकलला की दार उघडणारा दांडा), दारावर अलार्म, गार्डची जागा बदलणं असं काहीतरी तुम्हालाच बसवायचं असतं, आणि त्यासाठी बजेट मागताना समोरचा विचारतो की इतकी वर्षं काही झालं का. तेव्हा कुंभकोणम आठवून द्यायचं, जुलै २००४, शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली, त्याच्यानंतरच्या याचिकेत सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये स्पष्ट सांगितलं की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळा येतेच. सुरतच्या कोचिंग क्लासची आग मे २०१९ ची, २२ विद्यार्थी गेले. ही नावं घेतली की मीटिंगमध्ये दोन मिनिटं तरी शांतता होते, त्या दोन मिनिटांत कोटेशन पुढे सरकवायचं.

कागदांचं म्हणाल तर कंपनीत डिश, एमपीसीबी (प्रदूषण नियंत्रण मंडळ), ठरलेले रिटर्न, सगळ्याची एक पद्धत बसलेली असते. शाळेत फायर एनओसी, लायसन्स्ड एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैला फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला), लिफ्टचं इन्स्पेक्शन, पाण्याचे रिपोर्ट, स्कूल बसचे २०११ चे नियम, इमारत तीस वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, आणि बोर्डाचं वेगळंच. त्यात पुण्याची खास गंमत म्हणजे हद्द. २०२१ मध्ये सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, वाघोली धरून २३ गावं महापालिकेत आली, त्यामुळे शाळेचे जुने नकाशे पीएमआरडीएचे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), त्याच्या आधीचे कुठलेतरी ग्रामपंचायतीचे, आणि आता कुठल्या खिडकीवर जायचं यातच सकाळ जाते. ज्याला असल्या कामाचा कंटाळा आहे त्याने शाळा घेऊच नये, खरंच.

आणि सुट्ट्यांचा गैरसमज काढून टाका. मुलं असताना ड्रिलिंग नाही, वेल्डिंग नाही, पेंटिंग नाही, म्हणजे सगळी मोठी कामं दिवाळीत आणि मे महिन्यात. टीचर कोकणात आणि तुम्ही गच्चीवर वॉटरप्रूफिंगवाल्याच्या मागे, कारण जूनमध्ये शाळा उघडायच्या आत संपवायचंय आणि पाऊस काही तुमच्यासाठी थांबत नाही. डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंग, म्हणजे मांडव, कापड, थर्माकोल, लाइट आणि हजार पालक एका दारातून आत. कंपनीत निदान शटडाऊन कधी ते माहीत असतं.

एक गोष्ट मात्र शाळेत जी मिळते ती कंपनीत नाही. पहिल्या ड्रिलला केजीची मुलं रडतात, टीचर पर्स घ्यायला परत वर जातात, हजेरी जुळत नाही. सहा महिन्यांनी तीच पोरं दोरी धरून रांगेत मैदानात येतात आणि घरी जाऊन आईबाबांना विचारतात आपल्या सोसायटीत असेंब्ली पॉइंट कुठाय. कामाचा परिणाम इतका डोळ्यासमोर दिसणं कंपनीत क्वचित.

पुढच्या करिअरचं बोलायचं तर कंपनीत शिडी आहे, ऑफिसर, मॅनेजर, प्लांट हेड ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा). शाळेत तुमच्या वर थेट ॲडमिन हेड किंवा प्रिन्सिपल, मध्ये काही नाही. म्हणून फ्रेशरला मी सांगेन की तीन-चार वर्षं कंपनीत काढा, परमिट सिस्टिम आणि अपघाताची चौकशी हाताखालून जाऊ द्या, मग शाळेकडे बघा, तेव्हा तुमच्या शब्दाला वजन असेल. आधीच दहा वर्षं शिफ्ट करून पाठ गेलीय, मुलं लहान आहेत, चार लोकांशी गोड बोलून काम काढता येतं, अशा माणसाला शाळा आत्ताच चांगली. तिसरा पर्याय फायर एजन्सीचा, वर्षाच्या देखभालीचं कंत्राट घेणाऱ्या एएमसीवाल्यांकडे, शिकायला भरपूर पण टार्गेट आणि बाइकवर पुणंभर, त्यात फार दिवस काढू नये.

शाळेकडे कल असेल तर इंटरव्ह्यूच्या आधी त्यांची वेबसाइट उघडा. सीबीएसई शाळांना बिल्डिंग सेफ्टी आणि फायरची सर्टिफिकेटं तिथे टाकावीच लागतात, तारखा बघा, स्कॅन वाचता येतोय का बघा. मग इंटरव्ह्यूत तीनच प्रश्न: मी रिपोर्ट कोणाला करणार, धोका दिसला तर वर्ग किंवा काम थांबवायचा अधिकार लेखी देणार का, आणि मागचे दोन फॉर्म बी बघायला मिळतील का. रिपोर्टिंग परचेसला, म्हणजे खरेदी विभागाला, असेल तर नाही म्हणा. फॉर्म बी 'कन्सल्टंटकडे आहेत' असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा आणि चाकणवाल्यांना फोन करा.