विद्यार्थ्यांच्या म्युझिक व्हिडिओसाठी गुगल फॉर्म्स: मतं मिळतात, पण व्हिडिओ पाहिला का ते कळत नाही

मास मीडियाच्या वर्गात म्युझिक व्हिडिओचा प्रकल्प असला की प्रेक्षकांची मतं गोळा करायला बहुतेक गट गुगल फॉर्म्सच उघडतात. फुकट आहे, फोनवर चालतं, उत्तरं आपोआप शीटमध्ये जाऊन बसतात. या कामाला ते चांगलं साधन आहे, असंच आमचं मत आहे. पण त्यात एक मोठी उणीव आहे आणि ती कुठलंही सेटिंग बदलून जात नाही. समोरच्यानं व्हिडिओ पाहिला की नाही, हे फॉर्मला कळतच नाही. त्यात नोंद होते ती फक्त उत्तर पाठवल्याच्या वेळेची. वीस सेकंद पाहून दिलेलं मत आणि शेवटपर्यंत पाहून दिलेलं मत शीटमध्ये एकाच तोलानं शेजारीशेजारी बसतात. मायक्रोसॉफ्ट फॉर्म्स इथे सरस आहे. त्याच्या एक्सेल फाइलमध्ये फॉर्म सुरू केल्याची आणि संपवल्याची अशा दोन्ही वेळा येतात, त्यामुळे पावणेचार मिनिटांच्या व्हिडिओवर दीड मिनिटात उरकलेली उत्तरं लगेच बाजूला काढता येतात. कॉलेजनं मायक्रोसॉफ्टची खाती दिलेली असतील, तर आधी त्याचा विचार करावा.

गुगलवरच काम करायचं असेल तर एक युक्ती आहे. मतांसाठी पाठवायच्या प्रतीत, गाणं संपल्यावर काळ्या पडद्यावर दोन सेकंद एखादी खूण दाखवा: चांदणी, त्रिकोण, कंदील, काहीही. फॉर्मच्या पहिल्या सेक्शनमध्ये फक्त व्हिडिओ ठेवा आणि त्याखाली 'शेवटी काय दिसलं?' हा सक्तीचा बहुपर्यायी प्रश्न. उत्तरानुसार पुढचा सेक्शन ठरवायची सोय बहुपर्यायी आणि ड्रॉपडाउन प्रश्नांना आहे, चेकबॉक्सला नाही. बरोबर उत्तर देणारा प्रश्नांकडे जातो, चुकीचं देणारा परत व्हिडिओकडे. पर्याय सहा-सात तरी ठेवा, नाहीतर अंदाजानं जमून जातं. आणि अंतिम प्रत एक्सपोर्ट करताना ती खूण काढायला विसरू नका.

फॉर्ममध्ये थेट बसतो तो फक्त यूट्यूबवरचा व्हिडिओ. ड्राइव्हवरच्या फाइलची नुसती लिंक देता येते. यूट्यूबवर तो 'अनलिस्टेड' ठेवा. 'प्रायव्हेट' ठेवलात तर प्रेक्षकाला काळी चौकट दिसेल. एम्बेडिंगची, म्हणजे व्हिडिओ दुसऱ्या पानावर बसवण्याची, परवानगी चालू आहे ना, तेही तपासा. अपलोड झाल्या झाल्या लिंक वाटणं ही नेहमीची चूक. यूट्यूब आधी कमी रेझोल्यूशनची प्रत तयार करतं, एचडी मागून येते. त्या मधल्या वेळात पाहणारे 'चित्र धूसर आहे' असं लिहितात, आणि कॅमेरा सांभाळणारा विनाकारण बोलणी खातो. गाणं विकत मिळणाऱ्या अल्बममधलं असेल तर अपलोडच्या वेळच्या तपासणीत कॉपीराइटचा दावा आला आहे का, हे पाहूनच पुढे जा. नुसता दावा असला तर व्हिडिओ बहुधा चालू राहतो, पण हक्कदारानं अडवला तर तुमच्या फॉर्ममधूनही तो दिसेनासा होतो.

फोनवर फॉर्ममधली चौकट अगदी लहान दिसते. उभा, रीलच्या मापाचा व्हिडिओ असेल तर दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांमध्ये तो आणखी आक्रसतो. मग लोक यूट्यूब उघडतात आणि तिथेच रमतात. म्हणून व्हिडिओखालच्या वर्णनात पहिल्याच ओळीत फॉर्मची लिंक द्या. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ थेट पाठवू नका. दाबून लहान केलेल्या फाइलवर रंगाबद्दल मत मागण्यात अर्थ नाही.

कॉलेजच्या खात्यावरून फॉर्म केला असेल तर तो पुष्कळदा फक्त संस्थेतल्या लोकांनाच उघडतो. बाहेरच्यांना परवानगी मागायला सांगितलं जातं आणि ते फॉर्म सोडून देतात. इन्कॉग्निटो खिडकीत एकदा उघडून पाहिलं की हे कळतं. 'एकच उत्तर' ही मर्यादा लावली तर गुगल लॉगिन सक्तीचं होतं. घरात एकच फोन असलेल्या प्रेक्षकांची मतं त्यात गळतात. आम्ही ती लावू नये असंच सांगू.

आता प्रश्नांकडे. सगळं यश इथे आहे. 'व्हिडिओ आवडला का?' याला 'हो, मस्त' यापलीकडे काही मिळत नाही. 'व्हिडिओत काय घडतं ते दोन वाक्यांत सांगा' हा प्रश्न कितीतरी जास्त देतो, कारण त्यात प्रेक्षकाला गोष्ट कुठवर पोचली ते उघड होतं. मात्र फॉर्मच्या वर्णनात कथानक आधीच लिहून ठेवलंत तर हा प्रश्न वाया गेला. 'कंटाळा कुठे आला?' हे विचारताना मिनिट-सेकंद मागू नका, कुणी टिपून ठेवत नाही. सुरुवातीचं संगीत, मुखडा, पहिला अंतरा, मधलं संगीत, दुसरा अंतरा, शेवट असे पर्याय द्या. 'दुसऱ्या अंतऱ्यात' हे कुणालाही आठवतं, आणि एडिटरला टाइमलाइनवर नेमकी जागा सापडते.

एक ते पाचच्या मोजपट्टीत मराठीची एक खास अडचण आहे. आपल्याकडे 'एक नंबर' म्हणजे सर्वोत्तम. दोन्ही टोकांना शब्द लिहिले नाहीत, तर काही जण खूश होऊन १ देतात आणि सरासरी कोसळते. '१: अजिबात पटलं नाही', '५: पूर्ण पटलं' असं लिहाच. भरभरून कौतुक आणि आकडा १, अशी ओळ दिसली तर ती सरासरीत धरू नका.

दोन प्रश्न कधीही गाळू नयेत. पहिला: व्हिडिओ करणाऱ्यांपैकी कुणाला ओळखता का? ओळखीच्यांची आणि अनोळखींची उत्तरं वेगळी वाचायची असतात. दुसरा: कशावर ऐकलंत? फोनचा स्पीकर, वायरचे इअरफोन, ब्लूटूथ की टीव्ही. फोनच्या स्पीकरवर ढोलकीची धुम आणि बास जवळजवळ ऐकूच येत नाही, त्यामुळे 'ठेका कमजोर आहे' ही तक्रार मिक्सिंगची असेलच असं नाही.

लिपसिंकच्या, म्हणजे ओठ आणि आवाज जुळत नसल्याच्या, तक्रारींना तर हा प्रश्न हवाच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की फरक जाणवू लागतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे आवाज दोन फ्रेम आधी आला तरी खटकतो, उशिरा आला तर तीन फ्रेमपर्यंत सहसा निभावतं. ब्लूटूथमुळे होणारा उशीर यापेक्षा सहज जास्त असू शकतो. तक्रार पूर्ण गाण्याभर आणि फक्त ब्लूटूथवाल्यांची असेल तर एडिटला हात लावू नका. सगळ्याच साधनांवरून ती एकाच अंतऱ्याबद्दल येत असेल तर दोष टाइमलाइनवर आहे. फोनवर शूट केलेल्या लांब टेकमध्ये फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) पुष्कळदा बदलता असतो, म्हणून सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटाकडे सुटतात. फुटेज स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घेऊन पुन्हा जुळवा.

उत्तरं वाचताना गुगलचे पाय चार्ट दिसायला छान, पण वीस जणांत '२५ टक्के' म्हणजे पाच माणसं. अहवालात माणसंच लिहा. मोकळ्या उत्तरांचं वर्गीकरण हातानंच करावं लागतं, कारण 'मस्त', त्याचा रोमन अवतार 'mast' आणि 'भारी' यांना शीटचं सूत्र एक धरत नाही. शेजारी एक रकाना जोडा, त्यात गोष्ट, लिपसिंक, रंग, आवाज, लांबी असं एकेक लेबल द्या आणि मग मोजा. उत्तरांची सीएसव्ही फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली की देवनागरीची पुष्कळदा चिन्हं होतात. शीटमधून एक्सेल फाइलच उतरवा.

हे सगळं पिक्चर लॉकच्या, म्हणजे सगळे कट पक्के करण्याच्या आधी, रफ कटवर (कच्च्या जोडणीवर) करायचं. ब्रिटनच्या ओसीआर बोर्डाच्या जुन्या ए-लेव्हल मीडिया स्टडीजमध्ये मूल्यमापनाच्या चार प्रश्नांपैकी एक होता, प्रेक्षकांच्या प्रतिसादातून तुम्ही काय शिकलात? व्हिडिओ लॉक झाल्यावर गोळा केलेल्या मतांवर याचं उत्तर लिहिता येतं, पण एकही कट बदलता येत नाही.

फॉर्मच्या जोडीला यूट्यूब स्टुडिओतला प्रेक्षक टिकल्याचा आलेख पाहा. त्याची माहिती यायला एक-दोन दिवस लागतात आणि व्ह्यूज फार कमी असतील तर तो दिसतही नाही. फॉर्ममध्ये दुसऱ्या अंतऱ्याची तक्रार आणि आलेखात तिथेच उतार, असं जुळलं तर कात्री लावायला हरकत नाही. गटातल्या गटात फ्रेमनिहाय सूचना द्यायच्या असतील तर फॉर्म नको, फ्रेम डॉट आयओ ही व्हिडिओवर टिप्पण्या देण्याची साइट बरी. तिथे टिप्पणी थेट टाइमकोडवर, म्हणजे व्हिडिओतल्या नेमक्या क्षणावर, बसते. आणि कॉलेजच्या हॉलमध्ये प्रदर्शन असेल तर छापील चिठ्ठ्याच वाटा. चार प्रश्न पुरेत, चर्चा सुरू होण्याआधी भरून घ्या, नाहीतर पहिल्या बोलणाऱ्याचं मत सगळ्या चिठ्ठ्यांवर उतरतं.