आमची नवी केमिस्ट्री लॅब: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

नेरूळच्या आमच्या कॉलेजची रिसर्च लॅब गेल्या मे महिन्यात नवी करून मिळाली, पीएचडीच्या कामासाठी मी रोज सकाळपासून तिथेच असते, म्हणून लिहितेय.

आधी ओटे कडप्प्याचे होते. कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड, त्यावर एचसीएलचा (हायड्रोक्लोरिक आम्लाचा) थेंब पडला की फसफसायचं आणि पांढरा डाग कायमचा. आता ग्रॅनाइट आहे, मस्त टिकलंय, त्याबद्दल तक्रार नाही.

खरा विषय हवेचा. फ्यूम हूड (प्रयोगातल्या घातक वाफा ओढून बाहेर टाकणारी, पुढे सरकती काच असलेली कपाटं) नवे बसवले, त्यांच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटरच्या आसपास हवा, तो मिळतोय. पण असा एक पाच फुटी हूड काच दीड फूट उघडी ठेवली तर तासाला हजार घनमीटरच्या वर हवा बाहेर फेकतो, मग तेवढी हवा आत यायला नको का? ठेकेदाराने ती सोयच केली नव्हती. सगळे हूड चालू केले की लॅबचं दार ओढून उघडावं लागायचं, एसीची गार हवा सरळ गच्चीवर जायची आणि फटीतून कॉरिडॉरची दमट हवा आत. दिवाळीनंतर बाहेरची हवा आत ढकलणारा ब्लोअर आणि डक्ट बसवला तेव्हा कुठे मार्गी लागलं. कोटेशनमध्ये हे आधीच लिहून घ्या, नंतर फॉल्स सीलिंग फोडायला लागतं.

दुसरं म्हणजे इन्स्ट्रुमेंट रूम. एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड किरणांनी पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रात) पोटॅशियम ब्रोमाइडचे भाग असतात, ते ओलावा ओढून धूसर होतात, आणि आपल्याकडे जुलैत भिंतीसुद्धा ओल्या लागतात. रात्री वीज वाचवायला मेन स्विच बंद व्हायचा, सकाळी ओलावा शोषायला ठेवलेलं सिलिका जेल निळ्याचं गुलाबी, म्हणजे ओलं झालेलं. आमच्या लॅबच्या मामांनी मागे लागून डीह्युमिडिफायरसाठी (हवेतला ओलावा काढणाऱ्या यंत्रासाठी) विजेची वेगळी लाइन टाकून घेतली, ती चोवीस तास चालू असते. खरं सांगायचं तर प्लॅन काढतानाच मामांना विचारायला हवं होतं, कुठल्या सिंकचं पाणी तुंबतं हे आर्किटेक्टला कुठून कळणार?

आयवॉश (डोळे धुवायचा नळ) दाराजवळ आहे, तिथे जायच्या वाटेत काहीच ठेवत नाही. डोळ्यात काही गेलं तर सलग पंधरा मिनिटं धुवावं लागतं, म्हणून मामा दर सोमवारी पाणी सोडून बघतात.

गॅस सिलिंडर मात्र अजून आतच साखळीने बांधलेत, बाहेर पिंजरा करून पाइपने गॅस आणायचं काम मंजूर आहे पण सुरू झालेलं नाही, आणि ते या उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हायलाच पाहिजे.