पेन स्टेट फुटबॉल : सीझन तिकीट घ्यावं की सामने निवडून जावं?

पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या मंडळींत पेन स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या नव्या सीझनआधी हा विषय निघतोच. ज्यांची मुलं पेन स्टेटला शिकतात किंवा जे स्वतः तिथून शिकून निघाले, त्यांच्यासाठी हा पैशांइतकाच जिव्हाळ्याचाही प्रश्न. २०२५ च्या सीझननंतर तर तो आणखी अवघड झाला आहे, म्हणून दोन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघू.

आधी गेल्या वर्षाचा हिशेब. सीझन तिकीटवाल्याला घरच्या मैदानावरचे सात सामने मिळाले : नेवाडा, फ्लोरिडा इंटरनॅशनल, व्हिलानोव्हा, ओरेगन, नॉर्थवेस्टर्न, इंडियाना आणि नेब्रास्का. यातले पहिले तीन लिंबूटिंबू. त्या तिघांविरुद्ध पेन स्टेटने मिळून १३२ गुण केले आणि फक्त १७ दिले. संघ देशात दुसऱ्या क्रमांकावर ठेवूनच सीझन सुरू झाला होता, त्यामुळे सगळं आलबेल वाटत होतं. मग २७ सप्टेंबरला ओरेगन आलं आणि दोन ओव्हरटाइमनंतर ३०-२४ ने जिंकून गेलं. पुढच्याच आठवड्यात, तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएकडून ४२-३७ ने हार. त्यानंतर घरच्या मैदानावर नॉर्थवेस्टर्नकडून २२-२१. दुसऱ्या दिवशी, १२ ऑक्टोबरला, प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना काढलं. बारावं वर्ष होतं त्यांचं. तीन मोठ्या विजयांनी सुरू झालेला नियमित सीझन अखेर ६-६ वर, म्हणजे सहा विजय आणि सहा पराभवांवर थांबला.

चाहत्यांचा राग इथेच आहे, आणि मला तो रास्त वाटतो. सात सामन्यांचे पैसे भरले, त्यातले तीन सामने अगदीच एकतर्फी. आणि त्या तीन सामन्यांत संघाची एकही दुखरी जागा उघडी पडली नाही. २०२१ मध्ये ऑबर्न इथे आला होता, २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया. सप्टेंबरमध्येही गर्दीच्या पोटात गोळा येईल असे सामने तेव्हा होते.

असं वेळापत्रक का आखतात? पेन स्टेट ज्या बिग टेन गटात खेळतं, त्या गटातले नऊ सामने ठरलेले असतात, उरतात तीन. लहान कॉलेजांना ठरावीक रक्कम देऊन बोलावलं की ती येतात आणि परत त्यांच्याकडे खेळायला जावं लागत नाही. म्हणजे घरचा जास्तीचा सामना, त्याची तिकीटविक्री आणि जवळपास नक्की विजय. शिवाय २०२४ पासून प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत, बारा संघ घेतात, त्यामुळे निवड समितीसमोर पराभवांचा आकडा कमी दिसावा हीच प्रत्येकाची धडपड. टेक्ससने २०२५ ची सुरुवातच ओहायो स्टेटच्या मैदानावर केली, १४-७ ने हरले, शेवटी ९-३ वर राहिले आणि प्लेऑफबाहेर गेले. तो सामना घेतलाच नसता तर १०-२ असतो, ही त्यांच्या प्रशिक्षकांची तक्रार होती. हे पाहिल्यावर कोण स्वतःहून अवघड सामना अंगावर घेईल?

पण सोपं वेळापत्रक म्हणून संघ ढेपाळला, हे मला पटत नाही. इंडियानाचं बघा. त्यांचेही पहिले तीन सामने तसेच : ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट, इंडियाना स्टेट. पण चौथ्या सामन्यात त्यांनी देशातल्या पहिल्या दहा संघांतल्या इलिनॉयला ६३-१० ने लोळवलं. नोव्हेंबरमध्ये ते आपल्या बीव्हर स्टेडियमवर आले. ३६ सेकंद उरले होते, पेन स्टेट पुढे. इंडियानाच्या ओमर कूपरने एन्ड झोनच्या (जिथे चेंडू पकडला की गुण मिळतात त्या पट्ट्याच्या) मागच्या रेषेवर, अंग हवेत असताना चेंडू पकडला आणि एका पायाची बोटं कशीबशी रेषेच्या आत टेकवली. २७-२४. तेच इंडियाना पुढे एकही सामना न गमावता राष्ट्रीय विजेते झाले. दुबळे प्रतिस्पर्धी दोघांनाही मिळाले होते. त्या तीन आठवड्यांत इंडियानाने संघ घडवला, आपल्याकडे मात्र तेवढ्यावरच समाधान मानलं गेलं.

आता निर्णयाचं. सीझन तिकिटाची खरी कमाई शेजाराची असते. दरवर्षी तीच जागा, आजूबाजूला तेच चेहरे, सामन्याआधी गवतावर गाड्या लावून गाडीपाशीच खाण्यापिण्याची, तीच टेलगेटची पंगत. ‘वी आर’ अशी एका बाजूने हाळी आली की समोरून ‘पेन स्टेट’ येतं, तेव्हा अंगावर काटा येतो. तासाभराच्या अंतरावर राहत असाल, सगळे शनिवार मोकळे असतील, तर जरूर घ्या. मात्र तिकिटाच्या किमतीवर जागेसाठीची देणगी धरूनच हिशेब करा.

पिट्सबर्ग किंवा फिलाडेल्फियाहून येणाऱ्यांचं गणित वेगळं. एका बाजूलाच अडीच-तीन तास गाडी, त्यात नोव्हेंबरमधला गार पडलेला अ‍ॅल्युमिनियमचा बाक (खाली घालायला जाड काहीतरी न्याच). त्यांना मी निवडूनच जा म्हणेन. एक व्हाइट आउट, म्हणजे सगळ्यांनी पांढरे कपडे घालून बघायचा रात्रीचा सामना, चुकवू नका. ओरेगनच्या वेळी १,११,००० हून जास्त माणसं होती, जिकडेतिकडे पांढरे कपडे, आणि शेजारी काय बोलतोय तेही ऐकू येत नव्हतं. पण लहान मुलांना पहिल्यांदा नेणार असाल तर रात्रीचा हा सामना नको. त्यांच्यासाठी सप्टेंबरमधला दुपारचा, लिंबूटिंबूंविरुद्धचाच सामना बरा. ऊब असते, दुसऱ्याने विकायला काढलेली तिकिटं बहुधा स्वस्तात मिळतात, आणि मध्यंतरात उठून क्रीमरीचं (विद्यापीठाच्या डेअरीचं) आइस्क्रीम खायला गेलात तरी काही बुडत नाही.

नवे प्रशिक्षक मॅट कॅम्पबेल आयोवा स्टेटहून आले आहेत. त्यांना वेळ द्यायची माझी तयारी आहे, पण सात सामन्यांचे पैसे आगाऊ भरायची नाही. यंदा मी दोन तिकिटं काढणार : एक व्हाइट आउटचं आणि एक नोव्हेंबरमधलं, थंडीचं.