बंधारा की शेततळे?

पन्हाळा तालुक्यातील एका शेतकरी गटापुढे प्रश्न आहे: ओढ्यावर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा व्हावा म्हणून पाठपुरावा करावा, की प्रत्येकाने आपापले शेततळे काढावे?

खर्चाचा विचार केला तर बंधारा एकट्याच्या आवाक्यातला नाही, त्याला शासनाचा निधी आणि तांत्रिक मंजुरी लागते. शेततळे मात्र एका कुटुंबाला अनुदानाच्या आधाराने काढता येते.

खरा फरक पाण्याच्या हिशेबात आहे. ३० बाय ३० मीटरचे, ३ मीटर खोल आणि उतरत्या बाजूंचे शेततळे सुमारे २२ लाख लिटर पाणी धरते. बाष्पीभवन सोडून दिले, तरी ते एक एकरावर जेमतेम ५४ सेंटिमीटर उंचीचे होते, आणि उसाला पूर्ण हंगामात याच्या तिपटीच्या आसपास पाणी लागते. बंधाऱ्यात मात्र पावसाळ्यानंतरचा प्रवाह अडतो, काठच्या विहिरींनाही पाझर मिळतो.

टिकाऊपणात बंधाऱ्याचे दगडी किंवा काँक्रीटचे खांब दीर्घकाळ उभे राहतात, पण पावसाळा संपताच बरगे (खांबांच्या मधे बसवायच्या, पाणी अडवणाऱ्या फळ्या) घालणे आणि पुढच्या पावसाआधी ते काढणे चुकता कामा नये. बरगे तसेच राहिले तर पुराचे पाणी काठ फोडते आणि गाळ साचतो. हे काम करणारी माणसे गावात नसतील, तर बंधारा मागूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेततळ्याचे प्लॅस्टिक अस्तर काही वर्षांनी बदलावे लागते आणि भोवती कुंपण हवेच.

ओढ्याकाठच्या एकजुटीच्या ऊसकऱ्यांनी बंधारा धरावा. माळावरच्या भाजीपाला किंवा फळबागवाल्यांनी ठिबकसह शेततळे.