लाकडी फोल्कबोट: एका मोसमानंतर

मार्चमध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला आम्ही तिघांनी मिळून एक जुनी लाकडी फोल्कबोट, म्हणजे शब्दशः 'लोकांची बोट', ही छोटी शिडाची बोट घेतली. ऑक्टोबरात ती पाण्याबाहेर काढली. कुणाच्या मनात अशी बोट घ्यायचं असेल तर हे आधी वाचा.

हिचे गुणदोष हिच्या जन्मातच आहेत. १९४१ साली स्कँडिनेव्हियातल्या नौकानयन संघटनेने स्पर्धा लावली: साध्या नोकरदाराला परवडेल आणि सुट्टीत घरच्यांना घेऊन जाता येईल अशी शिडाची बोट काढा. ५८ आराखडे आले, पहिला नंबर कुणालाच नाही! मग निवडक आराखड्यांतलं बरं तेवढं उचलून टोर्ड सुंडेन यांच्याकडून अंतिम आराखडा करून घेतला आणि १९४२ मध्ये पहिली बोट इथेच, गोथेनबर्गला पाण्यात उतरली. कमिटीने केलेली वस्तू सहसा धड नसते. ही निघाली.

लांबी ७.६८ मीटर, वजन दोन टनांच्या आत, त्यातलं निम्म्याहून जास्त कीलमध्ये, म्हणजे तळाखालच्या जड लोखंडी पात्यात. त्यामुळे वारा वाढला की ती झटकन कलते आणि मग तशीच कललेली, न डगमगता पळते. विंगाच्या दीपगृहाजवळ आमचे चेहरे पांढरे पडले होते, बोट मात्र मजेत होती. १९६० साली ब्रिटिश नाविक ब्लाँडी हॅसलर अशाच बांध्याच्या 'जेस्टर'मधून एकटे ४८ दिवसांत अटलांटिक पार करून गेले, ते आता पटतं.

आता पाण्याचं. हिच्या फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढवून तांब्याच्या रिव्हेटांनी जोडलेल्या असतात. हिवाळाभर शेडमध्ये त्या सुकून आक्रसतात. विकणारा म्हणाला होता, "थेंबभर येईल." मे महिन्यात क्रेनने खाली सोडली तर सांध्यासांध्यातून बारीक धारा! पहिली रात्र पंपाशेजारी बसून काढली. मालवणला मामांना फोन केला, तर ते हसायलाच लागले: "अरे, सुकलेली होडी पाणी पितलीच. तिका पिऊक दी." तिसऱ्या दिवशी लाकूड फुगलं, फटी मिटल्या, आणि पुढे स्पंज पुरला.

आत उभं राहता येत नाही. संडास म्हणजे बादली. पाऊस पडला की मागच्या बैठकीतलं पाणी थेट तळात जातं, त्यामुळे ताडपत्री हवीच. आम्ही जूनमध्ये दोनदा विसरलो.

किंमत? तिघांत वाटली तर एका बऱ्या सायकलीएवढीसुद्धा नाही. सामान्य माणसाची बोट ती अजून आहेच, फक्त आता पैशांऐवजी रविवार मागते. खरवडणं, जवसाचं तेल, व्हार्निश, परत खरवडणं. ओकच्या बरगड्यांपैकी चार तडकलेल्या निघाल्या, त्या या हिवाळ्यात वाफवून वाकवायच्या आहेत.

चौथा भागीदार चालेल. पोहता नाही आलं तरी शिकवू, पण सँडपेपर धरता आला पाहिजे.