बादली, डबा, खोका की बाटली? गॅलरीतल्या बागेसाठी काय ठेवायचं आणि काय भंगारात द्यायचं

चार फूट बाय आठ फुटांची गॅलरी. एका कोपऱ्यात वॉशिंग मशीन, वर कपड्यांची दोरी. उरलेल्या जागेत मिरची, कोथिंबीर आणि जमलं तर टोमॅटो लावायचे आहेत, पण कुंड्यांवर दोन-अडीच हजार घालायचे नाहीत. अशा वेळी घरात रिकामं झालेलं कुठलं भांडं ठेवून घ्यावं, असं मला बरेच जण विचारतात. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या गॅलरीत सात वर्षं हेच करतो आहे, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. रंगाची २० लिटरची बादली सर्वांत चांगली. तिच्यानंतर मासळीचा थर्माकोलचा खोका. तेलाचा पत्र्याचा डबा ठरावीक जागीच ठेवावा. प्लास्टिकच्या बाटल्या आडव्या टांगून केलेली हिरवी भिंत मात्र करू नका.

निवडताना आधी खोली बघावी. मेथी, कोथिंबीर, पालक, चवळई यांना ५-६ इंच पुरतात. मिरचीला १० इंच हवेत. टोमॅटो, वांगी, भेंडी यांना १२ इंचांच्या खाली समाधान नाही. कढीपत्ता दीड फूट मागतो. हे जमलं की पुढचे दोन प्रश्न उरतात: एप्रिल-मेच्या उन्हात ते भांडं किती तापतं, आणि जुलैत त्यातलं पाणी बाहेर पडतं का.

रंगाची बादली आणि तेलाचा डबा

दोन्ही साधारण सारख्याच मापाचे. १५ किलोचा तेलाचा डबा चौकोनी असल्याने भिंतीला चिकटून बसतो, चार डबे ओळीत ठेवले तर मध्ये फट राहत नाही. आत खाण्याचंच तेल होतं, त्यामुळे गरम पाणी आणि साबणाने धुतला की काळजी नाही. चाळींच्या कठड्यावर डालडाच्या पिवळ्या डब्यातली तुळस पिढ्यान् पिढ्या जगली, त्यामुळे डब्याबद्दल आपल्या मनात माया आहे. ती मलाही आहे.

पण त्या तुळशीला सकाळचं ऊन मिळायचं. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी तीन वाजता पत्र्याला हात टेकवत नाही, आणि मुळं नेमकी पत्र्याला लागूनच वाढत असतात. पहिल्या उन्हाळ्यात माझी डब्यातली दोन टोमॅटोची रोपं भर पाणी असूनही रोज दुपारी माना टाकायची. एक दिवस उपटून बघितलं तर कडेच्या मुळ्या तपकिरी पडून सुकल्या होत्या, मधल्या तेवढ्या पांढऱ्या. नंतर डब्याभोवती गोणपाट गुंडाळलं आणि ते ओलं ठेवलं, तेव्हा कुठे तिसरं रोप तगलं. गंज हा दुसरा त्रास. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर दोन पावसाळ्यांत डब्याचा तळ सुटू शकतो. गंजाचं पाणी खाली ठिबकलं की फरशीवर जे तांबडे डाग पडतात ते ॲसिडनेही धड निघत नाहीत. आणि कापलेली कड नेहमी आत वळवून हातोडीने ठोकून घ्या. लहान मूल घरात असेल तर हे विसरून चालणार नाही.

रंगाची बादली बहुतेक पांढरी असते, म्हणून ऊन परतवते. खोली १४ इंचांच्या आसपास, म्हणजे टोमॅटोलाही पुरेशी. भिंत जाड, कडी मजबूत. शेजारी कुणाकडे रंगकाम निघालं असेल तर रंगाऱ्याला आधी सांगून ठेवायचं. मला काही बादल्या फुकट मिळाल्या, काही भंगारवाल्याकडून ६० रुपयांना. एक अट कडक पाळा: पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचीच बादली घ्यायची. आतला उरलेला रंग लगेच धुऊन मोरीत सोडू नका. आठवडाभर उन्हात वाळू द्या, मग तो सापाच्या कातीसारखा सलग सोलून निघतो. रंग नासू नये म्हणून त्यात बुरशीनाशकं घातलेली असतात, त्यामुळे सोलल्यावर बादली घासून, दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवून, ते पाणी टाकून द्यावं. थिनर, कीटकनाशक किंवा ॲसिड ज्यात होतं ते भांडं कितीही धुतलं तरी खाण्याच्या झाडाला वापरू नये. जुन्या बॅटरीचा खोकाही नाही, त्यात शिसं असतं.

भोकं पाडण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण निम्मी रोपं इथेच मरतात. सगळे जण तळाला भोकं पाडतात. बादली सपाट फरशीवर बसली की ती बुजतात, आणि जुलैच्या तिसऱ्या दिवशी आत चिखल होतो. भोकं बाजूला पाडा, तळापासून अर्ध्या इंचावर, पेन्सिलीएवढी, सहा ते आठ. तळाशी साठणारा पाण्याचा पातळ थर उन्हाळ्यात उपयोगीच पडतो. ड्रिल असेल तर उत्तम. तापवलेल्या खिळ्यानेही होतं, पण धूर निघतो, म्हणून ते मोकळ्या जागी करावं.

मासळीचा खोका आणि तांदळाची गोणी

थर्माकोलमध्ये जवळजवळ ९८ टक्के हवा असते. बर्फ टिकवण्यासाठी बनवलेला खोका मुळांनाही तेवढाच थंड ठेवतो. माझ्या गॅलरीत मे महिन्यातली कोथिंबीर फक्त याच खोक्यात उगवते. पसरट असल्यामुळे पालेभाजी भरपूर येते: दीड फूट बाय एक फुटाच्या खोक्यात मेथी दाट पेरली की २५-३० दिवसांत दोघांची एक वेळची भाजी निघते. मासळी बाजारात विक्री आटोपताना गेलात आणि कोळीणमावशींना नीट विचारलंत तर तडा गेलेले खोके मिळतात. वास जायला साबणाचं पाणी आणि चार दिवसांचं ऊन लागतं. शाकाहारी घरात हे नको असेल तर औषधाच्या दुकानात चौकशी करा. इन्सुलिन आणि लसी अशाच खोक्यांतून येतात.

थर्माकोल ठिसूळ असतो हे खरं. भरलेला खोका दोन हातांनी उचलायला गेलात की मधून मोडतो, म्हणून जागेवर ठेवूनच भरायचा. सुंदर दिसावा म्हणून त्याला ऑइलपेंट फासू नका, थर्माकोल त्यात विरघळतो. जुनी चादर गुंडाळून शिवली तर ऊनही लागत नाही आणि दाणे सुटून गॅलरीभर उडत नाहीत. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात थर्माकोलची ताटं-वाट्या आणि मखरं बंद झाली, ती याच कारणाने की हे काही कुजत नाही आणि भंगारवालाही घेत नाही. म्हणून नवा खोका विकत आणून बाग करणं मला पटत नाही. जो फेकला जाणार आहे त्याला तीन-चार वर्षं कामाला लावायचं, एवढंच.

तांदळाची पांढरी विणलेली गोणी सगळ्यांच्या घरात पडून असते आणि निचऱ्याला तिच्याइतकं चांगलं काही नाही. बटाटा, आलं, हळद, अळकुड्या यांना ती आवडते. काढणीच्या वेळी बाजू फाडली की झालं. पण उन्हात वर्षभरातच तिचे धागे तुटायला लागतात आणि ते बारीक तुकडे मातीत मिसळतात. एका हंगामापुरती घ्या, आणि धागे सुटू लागायच्या आत रिकामी करा.

बाटल्या

एक लिटरची बाटली आडवी कापून त्यात माती भरली तर पाऊण लिटरसुद्धा मावत नाही. खोली तीन इंच. एप्रिलमध्ये ती सकाळी भिजवली की दुपारी कोरडी. तुम्ही नोकरीला जात असाल तर संध्याकाळी घरी येऊन बघाल ते वाळलेलं रोप. मी २४ बाटल्यांची भिंत केली होती, सुतळीने ओवून, फार हौसेने. त्यात पुदिना आणि ओवा तग धरून राहिले, बाकी काहीच नाही. पारदर्शक बाटलीत उजेड शिरतो, त्यामुळे आत हिरवं शेवाळ धरतं, आणि उन्हाने प्लास्टिक कडक होऊन तडकतं. तेवढीच माती एका बादलीत घातली असती तर वर्षभर मिरच्या विकत आणाव्या लागल्या नसत्या. बाटली भंगारात द्या. तिचं प्लास्टिक भंगारवाले आवडीने घेतात आणि त्याचा खरोखर पुनर्वापर होतो.

दुधाची पिशवी कोपरे कापून रोपं तयार करायला छान. गळका माठ असेल तर टाकू नका, त्याच्या अंगातून हवा खेळते. फक्त उन्हाळ्यात पाणी जास्त पितो.

भरायचं काय

२० लिटरच्या बादलीत नुसती बागेतली माती भरून पाणी घातलं तर ती ३० किलोच्या घरात जाते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कंपोस्ट आणि थोडी माती अशी भरली तर साधारण निम्मी. इमारतींसाठीच्या आपल्या मानकात घरगुती बाल्कनीला दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलोचा भार धरलेला असतो, म्हणजे धडधाकट इमारतीत हलक्या मिश्रणाच्या आठ-दहा बादल्या भिंतीच्या बाजूने पसरून ठेवायला हरकत नाही. खिडकीबाहेर काढलेल्या लोखंडी ग्रीलचा मात्र या हिशोबात समावेश नाही. तिथे वजन ठेवू नका, खाली माणसं चालतात.

५ किलोच्या कोकोपीटच्या विटेतून ६५-७० लिटर भुसा फुगतो. तोही कमी लागावा असं वाटत असेल तर कोल्हापूरच्या श्रीपाद अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने, म्हणजे स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाने, दाखवलेली वाट आहे: भांड्यात खालपासून बहुतांश पालापाचोळा आणि उसाची चिपाडं, माती अगदी थोडी. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर याच पद्धतीने, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर, फळझाडं वाढली. रसवंतीवाला चिपाडं आनंदाने देतो. ती आधी पंधरा दिवस भिजवून मुरवा, नाहीतर गोडव्याला मुंग्या येतात.

बादल्यांखाली ताटल्या ठेवणार असाल तर पावसाळ्यात त्या उचलून ठेवा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठवडा-दहा दिवसांत तयार होतो, आणि सोसायटीत त्यावरून होणारी बोलणी रास्तच असतात.

तुमच्या घराला काय

पूर्वेची गॅलरी, सकाळचं चार-पाच तास ऊन: डबे, बादल्या, सगळंच चालेल, आणि डबे चौकोनी म्हणून जागाही वाचेल. पश्चिमेला किंवा दक्षिणेला, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हात: पांढऱ्या बादल्या आणि थर्माकोल, पत्रा अजिबात नको, आणि एप्रिलपासून वर हिरवी जाळी. उत्तरेला किंवा समोरच्या इमारतीच्या सावलीत टोमॅटोचा हट्ट सोडा; खोक्यात पालक, पुदिना, अळू लावा, ती निराश करत नाहीत.

भाड्याचं घर असेल तर माझं उत्तर एकच आहे, बादली. मी या सात वर्षांत एकदा घर बदललं, तेही दोन गल्ल्या पलीकडेच. खोके उचलतानाच मोडले, डब्यांचे तळ टेम्पोत राहिले. अकरा बादल्या कडीला धरून एकेक करत तीन मजले उतरवल्या, आणि त्यातल्या मिरचीच्या झाडावरच्या मिरच्या नव्या घरातल्या पहिल्या पोह्यांत घातल्या.