बिल दुकानातून काढावं की हिशेबातून?

ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या ओळखीतल्या कुणाचा फोन आला की चौकशी बहुतेक एकच असते. ऑर्डर आली की बिल दुकानाच्याच सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाकून काढायचं, की ऑर्डरी एक्सेलमध्ये उतरवून टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायच्या आणि बिल तिथून काढायचं? मी दोन्ही करून बसलोय. दीडेक वर्ष पहिली पद्धत, गेल्या दिवाळीपासून दुसरी. आमचा माल म्हणजे कांदा-लसूण मसाला, लोणची, पापड. गिऱ्हाईक बरंचसं पुण्या-मुंबईचं, थोडं बंगळुरू आणि मडगावचं, शिवाय जीएसटी नंबर देऊन घाऊक घेणारे पाच-सहा दुकानदार. तुमचा माल वेगळा असेल तर माझं मत थोडं मीठ-मसाला कमी करून घ्या.

प्लगइनचं सुख आधी सांगतो, कारण ते खरंच आहे. रात्री अकरा वाजता कुणी पैसे भरले तर आपण झोपेत असतो आणि बिल त्याच्या ईमेलवर गेलेलं असतं. एकाच पडद्यावर ऑर्डर, बिल, पॅकिंग स्लिप, कुरियरचं लेबल. भाऊबीजेला बहिणीच्या पत्त्यावर डबा पाठवणाऱ्याला आत किंमत नको असते, तेव्हा बिनकिमतीची स्लिप एका टिचकीत निघते. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात बायको आणि तिची मावसबहीण दोघीच पॅकिंगला होत्या. त्यांनी मला एकदाही हाक मारली नाही, ते या पडद्यामुळे. या बाबतीत हिशेबाचं सॉफ्टवेअर जवळपाससुद्धा येत नाही.

नंबरांचा घोळ आम्हीही घातला, पण त्याचा दोष प्लगइनला देणार नाही. सुरुवातीला ऑर्डरचा नंबर तोच बिलाचा नंबर ठेवला होता. यूपीआयवर पैसे अडकले, कुणी कार्ट सोडून गेलं, कुणी घरपोच पैसे देतो म्हणून दुसऱ्या दिवशी रद्द केलं, तरी प्रत्येक वेळी एक नंबर खर्ची. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा नंबर सलग हवा, आर्थिक वर्षात पुन्हा यायला नको आणि सोळा अक्षरांच्या आत हवा. जीएसटीआर-१ च्या, म्हणजे विक्रीचा तपशील देणाऱ्या रिटर्नच्या, तेराव्या तक्त्यात तर कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत बिलं काढली आणि त्यातली किती रद्द झाली, हेच भरावं लागतं. पहिल्याच महिन्यात आमच्या सीएंनी विचारलं, "मधली एवढी बिलं खाल्ली कुणी?" मग बिलांची मालिका वेगळी केली, आणि बिल ऑर्डर येताना न काढता पार्सल बांधताना काढायला लागलो. कायदाही तेच म्हणतो, माल हलवताना किंवा त्याआधी बिल. बहुतेक प्लगइनमध्ये ही सोय सेटिंगमध्ये कुठेतरी असते. शोधायला संध्याकाळ गेली, एवढंच.

पत्त्याची गोष्ट दोन्हीकडे सारखी, पण विसरू नका. बंगळुरूतला मुलगा साताऱ्यात आईवडिलांना मसाला पाठवतो, पैसे तो भरतो. जीएसटी नंबर नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत माल जिथे पोचतो ते राज्य धरायचं, असं २०२४ च्या जूनमधल्या परिपत्रकानं स्पष्ट केलंय. म्हणजे सातारा, म्हणजे राज्याच्या आतल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी. सॉफ्टवेअर बिलिंगचा पत्ता धरत असेल तर ते खुशाल आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रीचा कर, लावून मोकळं होतं.

पापडानंही थोडं छळलं. पापडाला कर नाही, मसाल्याला ५ टक्के, आणि एकाच डब्यात दोन्ही जातात. जीएसटी नंबर नसलेल्या गिऱ्हाइकाला अशा वेळी दोन कागद द्यावे लागत नाहीत, नियम ४६अ प्रमाणे करपात्र आणि करमुक्त माल एकत्र दाखवणारं एकच 'इनव्हॉइस-कम-बिल ऑफ सप्लाय' चालतं. आमच्या प्लगइनमध्ये मथळा बदलता येत होता, पण एकदा बदलला की सगळ्याच बिलांवर तोच. घाऊकवाल्यांच्या बिलावरसुद्धा. चालवून घेतलं.

जे चालवून घेता आलं नाही ते आता.

२२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले. आमच्या लोणच्याचा १२ वरून ५ टक्के झाला. आदल्या रात्री दुकानात दर बदलून ठेवला आणि समाधानानं झोपलो. त्याच्या चार दिवस आधी, १८ तारखेला, पुण्यातल्या एका दुकानदाराला लोणच्याच्या २४ बरण्या गेल्या होत्या. माल ३,६०० चा, कर ४३२, एकूण ४,०३२. छापील बिल खोक्यात, पैसे खात्यात, व्यवहार संपला. ऑक्टोबरच्या ३ तारखेला त्यांचा फोन, "दादा, बिलावर गोडाऊनचा पत्ता टाकायचा राहिलाय, तेवढा टाकून पाठवा ना." मी जुनी ऑर्डर उघडली, पत्ता घातला, सवयीनं 'पुन्हा हिशेब करा' हे बटण दाबलं, पीडीएफ उतरवून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. पत्ता बघितला, आकडा बघितला नाही.

बिलाचा नंबर तोच, तारीखही तीच, १८ सप्टेंबर. कर मात्र १८०, एकूण ३,७८०. सॉफ्टवेअरनं जुन्या ऑर्डरला आजचा दर लावून टाकला होता आणि कुणाला काही विचारलं नव्हतं. वर ऑर्डरच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं, गिऱ्हाइकाला २५२ रुपये परत देणं आहे. ते मला कळलं पंधरवड्यानं. कारण रिटर्नसाठीचा अहवाल मी दुकानातूनच काढत होतो, तो ५ टक्क्यानं गेला. तिकडे त्या दुकानदाराच्या हिशेबनिसानं जीएसटीआर-२बी उघडलं, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचं किती क्रेडिट (वजावट) मिळेल ते दाखवणारं पोर्टलवरचं पत्रक. "साहेब, बिलात ४३२ आणि पोर्टलवर १८०, आम्ही क्रेडिट कशाचं घ्यायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या कॉम्प्युटरवर जे बिल दिसत होतं त्यावर १८० च होते. जुनं बिल त्यांनी खोक्यातल्या कागदाचा फोटो काढून पाठवलं तेव्हा मला दिसलं. स्वतः काढलेलं बिल गिऱ्हाइकाकडून मागवून घ्यायची वेळ आली.

पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये ९अ तक्त्यात दुरुस्ती, फरकाचे २५२ आणि त्यावर वर्षाला १८ टक्क्यांच्या हिशेबानं चिमूटभर व्याज. पैसे किरकोळ. पण त्या रात्री मी मागची दोनशे-सव्वादोनशे बिलं एकेक करून बँकेच्या जमेशी ताडून बघितली, कारण अशी आणखी किती बदलली असतील याचा अंदाज यायला दुसरा मार्गच नव्हता. आणखी तीन सापडली. एका ऑर्डरीत गिऱ्हाइकानं फोन करून पापडाचं एक पाकीट वाढवलं होतं, तिथेही एकाच नंबरची दोन बिलं.

सगळे प्लगइन असं करतात असं मी म्हणणार नाही. काही जण बिल काढल्याक्षणी पीडीएफ जपून ठेवतात आणि नंतर तीच देतात, असं ऐकलंय. आमचा बिल साठवतच नव्हता. मागाल तेव्हा ऑर्डरवरून ताजं बनवून द्यायचा, हॉटेलात चहा गरम करून देतात तसं.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनं बिल बदलता येत नाही असं नाही. पण ते मुद्दाम उघडून, दर हातानं खोडून, जतन करावं लागतं. पत्ता बदलला म्हणून कर बदलत नाही. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद ठेवणारंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. आमच्या एकट्याच्या मालकीच्या धंद्याला ते बंधन नाही, तरी ती सोय मी चालू करून ठेवलीय. माल परत आला की क्रेडिट नोट, म्हणजे आधीच्या बिलातली रक्कम कमी करणारा कागद, काढायची, तीही तिथे रोजच्या कामासारखी निघते. कुरियरवाला 'आरटीओ' (रिटर्न टू ओरिजिन, न पोचलेलं पार्सल) म्हणून खोकं परत आणतो तेव्हा पूर्वी मी आठ्या घालायचो, आता नोट काढतो आणि बरणी फुटली नाही ना ते बघतो.

याची किंमत आहे. रोज सकाळी ऑर्डरी एक्सेलमध्ये उतरवायच्या, पोचवायच्या पत्त्याचं राज्य योग्य रकान्यात आलंय का बघायचं, आयात करायची, बिलं छापायची. वीस-पंचवीस मिनिटं जातात, सोमवारी पाऊण तास. गिऱ्हाइकाला रात्री लगेच बिल मिळत नाही, फक्त ऑर्डर मिळाल्याचा ईमेल जातो. दोन-तीन जणांनी विचारलं, बाकी कुणी नाही. साठा दोन ठिकाणी मोजावा लागतो, आणि लिंबाच्या लोणच्याचा मेळ अजून एकदाही बसलेला नाही.

पॅकिंग स्लिप आणि लेबल मात्र आम्ही अजून दुकानातूनच काढतो. ते काढून घेतलं असतं तर घरात बंड झालं असतं.

तुमचं सगळं गिऱ्हाईक किरकोळ असेल, दर एकच असेल आणि बिल गेल्यावर ऑर्डरीला कुणी हात लावत नसेल, तर प्लगइनवर निवांत राहा, सकाळची वीस मिनिटं वाचतील. जीएसटी नंबरवाली चार जरी गिऱ्हाइकं असली तर मी तरी बिल हिशेबातूनच काढीन. ठरवण्याआधी एक करून बघा. दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या एका ऑर्डरचं बिल आत्ताच उतरवून बाजूला ठेवा. मग चाचणीच्या दुकानात त्याच ऑर्डरचा पिनकोड बदला, वस्तूचा दर बदला, पुन्हा हिशेब करा आणि बिल परत उतरवा. दोन्ही कागद शेजारी ठेवून फक्त कराचा रकाना वाचा.